पाणी काढलं का?

वैमानिकांचं निवृत्तीचं वय वाढवावं की नाही, यावर सध्या पुन्हा वाद चाललाय. परवा जेवताना जावईबापूंनी मला विचारलं, "बाबा, तुम्ही विमानांवर काम केलंय. म्हाताऱ्या माणसाच्या हातात विमान द्यावं का, तुम्हाला काय वाटतं?" मी पानावरून उठलो. मुलीला वाटलं, भाजी तिखट झाली.

या अंकाच्या संपादकांनी मला विमानाच्या गमतीजमती लिहायला सांगितल्यात. गमती आहेत, आणि एखाददुसरी सांगीनही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी एकदा, जिथं सांगायला हवं होतं तिथं, सांगितलं नाही. आता वय झालं. आज लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल.

मी मूळचा नगरचा. लष्करी गाड्या दुरुस्त करता करता विमानाच्या इंजिनाकडे वळलो. एकोणीसशे एकाहत्तर साली मी पिकांवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका खासगी कंपनीत मेकॅनिक होतो. पावसाळ्यात उसावर पाकोळी नावाची कीड पडते. पानांतला रस शोषून घेते आणि पानं काळी चिकट करून टाकते. ऊस डोक्यावर गेला की माणसाला आत शिरून फवारता येत नाही. मग साखर कारखाने आम्हाला बोलवायचे. नेवासा तालुक्यात मुरूम दाबून केलेली एक धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमागे पेट्रोलचे ड्रम, आणि पट्टीवर एका इंजिनाचं, एकच माणूस बसेल एवढं आमचं विमान.

प्रवासी विमान आणि हे विमान यांत घोडा आणि बैल यांच्याएवढा फरक. हे उसाच्या शेंड्यावरून पुरुषभर उंचीनं जातं. शेताच्या दोन टोकांना दोन झेंडेवाले उभे असतात. वैमानिक त्यांच्या रेषेत येतो, औषध सोडतो आणि तारांवरून, झाडांवरून विमान उचलून वळवतो. दिवसाला शंभर वेळा. एवढ्या खाली इंजिन बंद पडलं तर विचार करायला वेळ नसतो.

लोकांना आमचं भारी कौतुक. एका बागायतदारानं, त्याच्या उसाला पहिला मान मिळाला म्हणून, विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार घातला होता. नको म्हटलं तरी ऐकेना. पंखा फिरल्यावर पाकळ्या त्याच्याच फेट्यावर येऊन पडल्या. एकदा पारूबाई नावाची म्हातारी काठी आपटत पट्टीवर आली. "तुमच्या इमानानं माझी कोंबडी अंड्यावरनं उठली. आता बसंना. कुनी बसायचं अंड्यावर?" आम्ही हसलो. आमचे कॅप्टन मात्र टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले, चुकलं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या वस्तीला वळसा घालून जाऊ लागले.

हे कॅप्टन धांडे. कर्जतकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, महायुद्धात विमान शिकलेला. तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. केस पांढरे, अंग काटक. साहेबांशी इंग्रजी बोलायचे, माझ्याशी शुद्ध मराठी आणि खुशीत आले की कर्जतची बोली. मुरमावर चुन्याची फुली काढायला सांगायचे आणि विमानाची चाकं बरोबर त्या फुलीवर टेकवायचे.

कंपनीचा नियम होता की पंचावन्नला वैमानिकानं घरी बसायचं. ती मर्यादा अठ्ठावन्न करावी म्हणून त्यांनी आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या त्यांच्याच वयाच्या दोन वैमानिकांनी अर्ज केला होता. दर सहा महिन्यांनी मुंबईला डोळे, कान, छाती, सगळं तपासून घ्यावं लागायचं. त्यात नापास झालो तर चाळिशीतच काढा, पण पास झालो तर जन्मतारखेवरून का काढता, असं त्यांचं म्हणणं. तरुण वैमानिक आतून विरोधात होते, कारण हे तिघे उठल्याशिवाय त्यांना जागा नव्हती. मुंबईचे मोठे साहेब म्हणायचे, इतक्या खालून उडताना पापणी लवण्याएवढी चूकही चालत नाही, आणि वयाबरोबर हात मंदावतोच. निर्णय पावसाळ्यानंतर व्हायचा होता.

"घोडेगावच्या बाजारात शेतकरी बैलाचे दात बघतो," कॅप्टन एकदा चहा पिताना मला म्हणाले, "पन दात बघून पैसं मोजीत न्हाई, गाडेकर. औताला जुपून, चालवून बघतो. आमाला मातर नुसतं दात बघून काढायचं."

मला ते पटायचं. तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही. कारण माझ्या मनात त्यांच्याविषयी एक बारीकशी अढी होती. ती त्यांच्या रोजच्या एका प्रश्नाची.

पेट्रोलमध्ये पाणी शिरतं. पावसात ड्रमच्या बुचातून शिरतं, दमट हवेनं टाकीतही साचतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि तिथूनच इंजिनाकडे जातं. म्हणून पेट्रोल कातड्यातून गाळून भरायचं आणि रोज सकाळी टाकीच्या तळाची चावी उघडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं. उजेडात धरलं की तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. थेंब असेल तर तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं. सारं काम पाच मिनिटांचं. पहिला महिनाभर कॅप्टन स्वतः बाटली बघायचे. नंतर माझ्यावर विश्वास बसला आणि बघणं सोडलं. पण विमानात चढण्यापूर्वी विचारायचे जरूर. "गाडेकर, पाणी काढलं का?" रोज तोच प्रश्न, त्याच सुरात. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. मला वाटायचं, मी काय शाळकरी पोर आहे?

ऑगस्टमधली गोष्ट. आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला होता. सकाळी आमची जीप ओढ्याच्या चिखलात रुतली आणि पट्टीवर पोचायला उशीर झाला. झेंडेवाले शेतावर जाऊन उभे होते. नऊनंतर वारा सुटतो, मग औषध भलतीकडे जातं, म्हणून सगळ्यांची घाई. एक ड्रम पावसात उभाच राहिला होता. तो आडवा ठेवायचा असतो, नाहीतर बुचावर पाणी साचतं. गाळायचं कातडं फाटलं होतं. नवं मागवून पंधरा दिवस झाले होते, पण आलं नव्हतं. मी त्या ड्रममधलं पेट्रोल नुसत्या जाळीतून टाकीत ओतलं. बाटली शेडमध्ये राहिली होती. शेड पन्नास पावलांवर.

कॅप्टन पायरीवर पाय ठेवून वळले. "गाडेकर, पाणी काढलं का?"

"हो साहेब. काढलं."

ते चढले. मी वहीत सही केली.

पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला विमान घोडेगावच्या दिशेला वळलं आणि काही वेळानं आवाज थांबला. दूर गेलं म्हणून आवाज बारीक होत गेला असं नव्हे, तो एकदम थांबला. मला तेव्हाच कळलं होतं. हे मी पुढं सगळ्यांपासून लपवलं, म्हणून इथं ठळक लिहितो. त्याच क्षणी मला कारण कळलं होतं.

आम्ही जीप घेऊन गेलो. तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस होता. मोकळं, सपाट रान म्हणजे बाजाराचंच, आणि त्यात शेकडो माणसं, म्हशी, बैल. विमान थेट तिकडंच चाललं होतं, असं लोकांनी सांगितलं. कॅप्टननी ते डावीकडे वळवलं आणि पलीकडच्या नांगरलेल्या काळ्या रानात उतरवलं. ओल्या मातीत चाकं रुतली, विमान बांधावर आपटून उलटं झालं. बाजारातल्या एका शेरडालाही धक्का लागला नाही.

आमचा झेंडेवाला रहिमान सगळ्यांत आधी पोचला होता. त्यानं आणि बाजारातल्या लोकांनी कॅप्टनना बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, गुडघा फुटला होता, अंगभर औषधाचा वास. मला बघून म्हणाले, "कॉक बंद केलाय. स्विचही. आग लागायची न्हाई." म्हणजे इंजिन गेल्यावर, जमिनीला टेकण्याआधी, त्यांनी पेट्रोलची चावी बंद केली होती. तसंच करायचं असतं. तेवढ्या वेळात ते सगळं सुचायला माणूस किती शांत हवा, हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल.

लोक त्यांना जीपमध्ये ठेवत होते. मी विमानाजवळ थांबलो. "इंजिन बघतो," असं रहिमानला सांगितलं. टाकी फुटून पेट्रोल मातीत वाहून गेलं होतं. पण इंजिनाजवळ पेट्रोल गाळणारी काचेची एक छोटी वाटी असते. ती मी काढली. निम्मी वाटी पाणी होतं. मी मान वर करून बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी ती वाटी मातीत ओतली, रुमालानं पुसली आणि परत बसवली.

चौथ्या दिवशी चौकशीला मुंबईहून कंपनीचे एक साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं. लोकांचे जबाब इंग्रजीत सांगायला त्यांनी मलाच बसवलं. म्हशींचे एक व्यापारी समोर आले, साठीचे, डोक्याला पागोटं. त्यांनी हातवारे करून सांगितलं, "इमान आलं तवा खोकलं. मग परत चाललं. परत खोकलं, परत चाललं. अन् मग पार मुकं झालं. मी म्हनलं, ह्याच्या नरड्यात कायतरी अडाकलंय."

पट्टीवर आम्हाला फक्त शेवटचं थांबणं ऐकू आलं होतं. मेकॅनिकला यापेक्षा स्वच्छ साक्ष नको. पेट्रोलची चावी बंद झाली तर इंजिन थोडं गुरगुरून मरतं. थांबतं, पुन्हा धरतं, पुन्हा थांबतं ते पाण्यानं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, आवाज बंद झाला आणि विमान खाली आलं."

"एवढंच? बराच वेळ बोलत होते."

"गावची माणसं, साहेब. फुगवून सांगतात."

व्यापारी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण आपलं सगळं सांगून झालेलं नाही हे कळलं असावं. "सांगितलं का, खोकल्यालं?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

मग साहेब मला म्हणाले, "इंजिनात दोष नाही. चावी बंद सापडली. कॅप्टन म्हणतात, त्यांनी ती नंतर बंद केली. चावी फिरवून पेट्रोल दुसऱ्या टाकीवर घेताना ती चुकून आधीच बंद झाली असेल का? तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. हल्ली काही विसरतात का?"

मी म्हणालो, "कधी कधी मला जुन्या मेकॅनिकच्या नावानं हाक मारतात."

हे खरं होतं. दोनदा मारली होती. कुणीही मारील. ते एक खरं वाक्य मी एका खोट्याच्या जागी नेऊन ठेवलं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

कॅप्टनचा जबाब दवाखान्यात झाला. तिथंही मी होतो. साहेबांनी विचारलं, पेट्रोलमध्ये पाणी असण्याची शक्यता? कॅप्टन पलंगावरून म्हणाले, "अजिबात नाही. मी माझ्या मेकॅनिकला विचारलं होतं. त्यानं काढलं होतं. तो मुलगा खोटं बोलत नाही."

अहवालात आलं की वाढत्या वयामुळे वैमानिकाकडून चूक झाली. कॅप्टन धांड्यांना घरी पाठवलं. एवढ्यावरच थांबलं नाही. अठ्ठावन्नचा अर्ज त्याच अहवालाच्या आधारे फेटाळला गेला. दुसरे दोघे, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, तेही पंचावन्नला घरी गेले. त्यांतल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं असं नंतर ऐकलं. मी कंपनीतच राहिलो. माझ्या वक्तशीरपणाबद्दल माझ्या कागदांत चांगला शेरा पडला.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. उसाची चिपाडं झाली, फवारणी कसली? कंपनीनं मला रजेवर पाठवलं. मी नगरला घरी बसून होतो आणि मला झोप येत नव्हती. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? कर्जतला जा."

गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. कॅप्टनचं घर वस्तीवर होतं. ते ओट्यावर बसले होते, पाय थोडा आखडलेला. त्यांच्या बायकोनं, काकींनी, पाणी दिलं. चहा झाला. दारात त्यांची जुनी जीप उभी होती, चाकांत हवा नसलेली. मी विचारलं, चालवत नाही का?

उत्तर काकींनी दिलं. "हातच लावत न्हाईत. बैलगाडीतसुद्धा कासरा गड्याच्या हातात देत्यात. म्हनत्यात, माझ्या हाताचा भरोसा न्हाई."

कॅप्टन माझ्याकडे वळले. "गाडेकर, तू मशीन ओळखतोस. मी वर्षभर तेच आठवतोय. इंजिन गेलं, मग मी कॉक बंद केला. मला असंच आठवतंय. पण माणसाला जे बरं वाटतं तेच आठवतं. त्यांनी लिहिलंय त्या अर्थी... माझा हात आधी गेला असंल का रं?"

मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. ड्रम, बाटली, वाटी, म्हशींचा व्यापारी, हाक मारण्याचं वाक्य. सांगताना मला वाटत होतं, आता ते मारतील. मारावं असंही वाटत होतं.

ते हळूच म्हणाले, "म्हंजे हात बरोबर गेला हुता?"

"हो साहेब."

ते उठले. आखडलेल्या पायानं घाईघाईनं दारापर्यंत गेले आणि आत ओरडले, "अगं, ऐकलंस का? हात बरोबर गेला हुता माझा! कॉक मी मागूनच बंद केला!"

काकी चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं होतं. त्या मला म्हणाल्या, "आन् तुमी त्येंना वरीसभर असं ठिवलं?" आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

कॅप्टननी वहीतलं पान फाडून दिलं. "लिहून दे. माझं ऱ्हाऊ दे, माझी पंचावन्नं झाली. पन त्या दोघांचं काय? वयानं पडलं न्हाई, पान्यानं पडलं, एवढं कंपनीला कळाय पायजे." मी तिथंच लिहून सही केली. त्यांनी तो कागद रजिस्टर पोस्टानं मुंबईला पाठवला.

तीन आठवड्यांनी मला मुंबईला बोलावणं आलं. मोठ्या साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हे खरं धरलं तर अहवाल चुकीचा, तिघांना काढलं ते चुकीचं, आणि तुमचं लायसन जाणार. मग कुठल्याच इंजिनाला हात लावता येणार नाही. पण मला वाटतं, तुम्ही भावनेच्या भरात लिहिलंत. म्हाताऱ्याची अवस्था बघून दया आली. माणूस आहात. तसं असेल तर दोन ओळी लिहून द्या, प्रकरण मिटलं."

त्यांनी पेन पुढे केलं. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. हे कारण मी स्वतःला फार वेळा सांगितलंय, आता तुम्हाला सांगत नाही. मी लिहिलं की आधीचं पत्र वृद्ध वैमानिकाची दयनीय स्थिती पाहून, सहानुभूतीपोटी लिहिलं होतं. वृद्ध आणि दयनीय हे दोन्ही शब्द साहेबांनी सुचवले. अक्षर माझं.

परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली. सगळ्यांत जास्त लाज मला त्या झोपेची वाटते.

तिथं पुढं माझं मन लागलं नाही. वर्षभरात नोकरी सोडली आणि नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्तीला लागलो. एक दिवस दुपारी रखवालदार म्हणाला, बाहेर कुणी भेटायला आलंय. फाटकाशी जीप उभी होती. स्टिअरिंगच्या चक्राशी कॅप्टन धांडे. स्वतः चालवत आले होते, कर्जतपासून.

ते खाली उतरले नाहीत. खिशातून कंपनीचं पत्र काढलं. "यात म्हनत्यात, तू दयेपोटी लिहिलंस. मागून तसं तूच लिहून दिलंस म्हनं."

"हो साहेब. दिलं."

"त्या दोघांना मी कळवलं हुतं, आता न्याय हुईल म्हनून. त्येंना पुन्हा काय सांगायचं ते मी बघतो." त्यांनी पत्राची घडी घातली. "मला फक्त एक सांग. इथं कुनी न्हाई, कागद न्हाई. दोन्हींतलं खरं कोंचं?"

"पहिलं, साहेब. पाणी होतं. मी काढलं नव्हतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, पूर्वी बाटली उजेडात धरून बघायचे तसं. मग मान डोलावली. मी हात जोडले. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं नाही. जीप सुरू केली, मागं घेतली, आणि फाटक आणि उसानं भरलेला उभा ट्रॅक्टर यांच्यामधल्या, मला तरी जमली नसती अशा अरुंद जागेतून, कुठंही न घासता, एका दमात बाहेर काढली.